वाक्य पुरं होईपर्यंत : तारापूरजवळच्या एका शाळेची सफर

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची नलू अकरा वर्षांची होती आणि शाळेत जायचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं. बोलताना ती अडखळायची. वर्गात मुलं नक्कल करायची, मास्तर म्हणायचे, "राहू दे, बस खाली." दिवाळीनंतर तिने दप्तरच उचललं नाही. माझा धाकटा भाऊ वसंता बोईसरच्या कारखान्यात कामाला होता. त्याने कळवलं, तारापूरकडे एक शाळा आहे, तिथे सगळा कारभार मुलंच बघतात. काय शिकायचं ते मुलं ठरवतात, पिकवतात, बाजारात विकतात. राहायची सोयही आहे.

"शाळा आहे की दुकान?" हे म्हणाले. मी म्हटलं, बघून तर येते. देवापुढे सुपारी ठेवली आणि नलूला घेऊन निघाले.

नाशिकहून जव्हारमार्गे पालघरची एस.टी. पकडली. तुम्ही जाणार असाल तर डाव्या बाजूची खिडकी धरा आणि पोटात फार काही ठेवू नका, घाटात वळणं आहेत. मी दशम्या नि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, त्यामुळे जव्हारला फक्त चहाचा खर्च झाला. मनोरपासून हवा चिकट होत गेली. पालघर तेव्हा जिल्ह्याचं गाव नव्हतं. स्टेशन, बाजार, दोन-चार कचेऱ्या. तिथून गाडीने बोईसर. मधे एक उमरोळी स्टेशन, की आलंच. वाटेत कुणी नलूला नाव विचारलं की मीच सांगून टाकायची. तिला त्रास नको म्हणून.

वसंता बोईसरला लागूनच सालवडला एका खोलीत राहायचा. कारखान्यांचा वास जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. "ताई, दोन दिवसांनी नाक मरतं," तो हसून म्हणाला. "पण एक सांगतो. तिथे आईबापांचं काही चालत नाही. मुलं सभेत विचारतात, का राहायचंय? पोराने स्वतः सांगितलं तरच घेतात."

नलू, आणि सभेत बोलणार? घराकडची शाळा तर सुटलेलीच. इथेही नाही म्हणाले तर पोरीने करायचं काय?

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने तारापूरच्या रस्त्याला उतरलो. चिकूची नि नारळाची वाडी, त्यात कौलारू पडव्या, पलीकडे समुद्राची गाज. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मी पदर नाकाला लावला, नलू मात्र टक लावून बघत राहिली. दोन मुलं तराजू घेऊन भांडत होती, ओला मासा वाळून किती हलका होतो यावरून. गणिताचा तास तोच, असं कळलं. शाळेच्या बाई केस पिकलेल्या, अबोल. मी फीचं विचारलं तर म्हणाल्या, "ते सभेनंतर. आधी ती काय म्हणते ते बघू."

संध्याकाळी चटयांवर सभा बसली. अध्यक्ष होती जयू, कोळीवाड्यातली, फार तर तेरा वर्षांची. बाई मागे भिंतीला टेकून गप्प. आधी कोंबड्यांचा दाणा कोणी सांडला त्याचा निवाडा झाला, मग जयूने नलूला विचारलं, "तुला इथं का रावाचं हाय?"

नलू उभी राहिली. "म... म... मला..."

"तिला शिकायचंय," मी म्हटलं.

सगळी सभा माझ्याकडे वळली. जयू म्हणाली, "काकू, तिचं बोलनं झालं नाय अजून. आमच्यात दुसऱ्याचं वाक्य कुनी पुरं करत नाय. जो करील त्याला सुकट निवडायला लागते."

"अगं, मी माळकरी आहे!"

"पाव्हने सुटतात काय?" एकाने विचारलं.

"नाय सुटत!" सगळे ओरडले. एक पोरगी म्हणाली, "निवडताना खाऊ नका म्हंजे झालं!" हशा पिकला. पण मग त्यांनी खरोखर चर्चा केली, माळ म्हणजे काय ते मला विचारलं, आणि सुकटीऐवजी वांग्याच्या वाफ्यांना पाणी घालायची शिक्षा ठरवली. मला हसावं की रडावं कळेना.

"हां, बोल," जयू नलूला म्हणाली.

कोणी खाली बघितलं नाही, कोणी खाकरलं नाही. मी जीभ दातांखाली धरली. नलूचे ओठ हलत होते, मान ताठ झाली होती. किती वेळ गेला देव जाणे.

"मला... ब... बाजारात बसायचंय."

जे तिला सगळ्यात अवघड, तेच तिने मागितलं. मला हे कधी माहीत नव्हतं. कसं असणार? मी वाक्य संपूच दिलं नव्हतं कधी.

सभेने ठरवलं, उद्याच बोईसरच्या बाजारात जयूबरोबर बसू दे, मग बघू. सकाळी मी वाफे शिंपले आणि वसंताला घेऊन बाजार गाठला. मुलांनी गोणपाटावर चिकू नि सुकटीचे वाटे मांडले होते. मी लांब, बांगडीवाल्याच्या आडोशाला उभी.

कारखान्यातला एक भय्या आला. "चिकू कैसे दिये?"

"ब... ब..."

"बीस?"

जयू म्हणाली, "रुको भैया, वो बोल रही है." आणि स्वतः चिकू पुसत बसली. भाव तिला तोंडपाठ होता, पण तिने सांगितला नाही. मी पुढे निघाले तशी वसंताने माझा हात धरला. "ताई, वांगी पुन्हा शिंपायची आहेत का?"

"बारा रुपये डझन!" नलू म्हणाली. मोठ्याने.

"दस में दे दे."

"नाही."

जन्मभर घासाघीस करत आलेली मी, गिऱ्हाइकाला एक पैसाही न सुटल्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला. त्याने मुकाट्याने बारा मोजले. मी तिथेच खाली बसले.

त्या संध्याकाळी सभेने नलूच्या बाजूने हात वर केले. नलू राहिली. निघताना मी तिला जवळ घेतलं, तर म्हणाली, "आई, उ... उशीर होतोय, दाणा घालायचाय."

परतीला शेजारची जागा रिकामी होती, तरी मी घाटात गाढ झोपले. घरी ह्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे दुकानच की!" पण हसत होते.

आता हिशेब मांडायचा तर प्रवास स्वस्तात झाला. तुमचं मूल असं असेल, तर अशा ठिकाणी जरूर जा, फक्त तोंड मिटून बसायची तयारी ठेवा. घरी पोचले त्या रात्री दिवा लावून हात जोडले. नलूला असं कर, तसं कर, सवयीने सुरू करणार होते. मग थांबले. देवाजवळही आजवर तिचं मीच बोलत आले होते. म्हटलं, देवा, तिला काय हवं ते ती सांगेल. तू जरा थांब.