फ्रिजियाचा काशाचा वाडगा

दोह्यातला तो काशाचा वाडगा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पोलीस खात्यात खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि त्यातले निम्मे आता विसरलोही. हे प्रकरण मात्र विसरता येत नाही, आणि गंमत अशी की त्यात गुन्हेगार कोणीच नव्हता.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे कतारला गेलो. मुलगा दोह्याच्या वेस्ट बे भागात इंजिनिअर, सूनही नोकरीत. घरी बसून मी सगळ्यांना शिस्त लावू लागलो, तेव्हा मुलानेच खटपट करून मला एका खासगी संग्रहालयात सुरक्षाप्रमुख म्हणून चिकटवले. तिथे मी आमच्या ठाण्याचीच पद्धत सुरू केली. सकाळी हजेरी, किल्ल्यांचा ताबा, येणाऱ्या-जाणाऱ्याची तपासणी. माझ्या पाठीमागे पहारेकरी काय म्हणत असतील ते मी कधी विचारले नाही.

त्या सुमारास तिथे फ्रिजियाच्या वस्तूंचे प्रदर्शन भरायचे होते. फ्रिजिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले एक प्राचीन राज्य. हात लावेल त्याचे सोने करणारा मिडास राजा तिथलाच. वस्तूंच्या देखभालीसाठी तुर्कस्तानातून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्यांची उमर तिकडच्या उत्खननांत आणि संग्रहालयांत गेलेली. मला त्या मोबाइलवर फोटो दाखवत. टेकडीएवढा मातीचा ढिगारा, त्याच्या पोटात लाकडी खोली, खोलीत राजाचा सांगाडा आणि राजाला निरोप देताना झालेल्या जेवणावळीची भांडी. आमच्या मालकांकडचा वाडगाही अशाच कुठल्या तरी जेवणावळीतला असावा, असे त्या म्हणत. ओंजळीत मावेल एवढा, मधोमध उंचवटा, आणि अंगभर हिरवा कळक, म्हणजे जुन्या धातूवर चढतो तो थर.

रविवारी, म्हणजे तिकडे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, बाईंनी कपाट उघडले आणि मला बोलावून घेतले. आत वाडगा होता, पण पिवळाधमक.

“हा आपला नाही,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी बदललाय.”

थोड्याच वेळात एक पहारेकरी माझ्या खोलीत आला आणि हळूच म्हणाला, “सर, गुरुवार को नासिकवाला अंदर अकेला था. उसका भाई सूक वाकिफ बाज़ार में तांबा-पीतल की दुकान पे है.”

नाशिककडचा तो माणूस आमचा फिटर. वस्तू ठेवायच्या पितळी बैठका बनवायचा, आणि त्या बसवायला कपाटाची किल्ली त्याला मिळत असे. घराणे तांबटाचे, भाऊ भांड्यांच्या दुकानात. नक्कल करून अस्सल माल लांबवला, असा सरळ हिशोब जुळत होता. इतका सरळ जुळला की मला संशय येतो. व्यवस्थापकांनी मात्र मला बजावले, “संध्याकाळपर्यंत वाडगा आणा. नाहीतर पोलीस, आणि मग खलास.” तिथे चोरीत अडकणे म्हणजे तुरुंग. फिटरची बायको, दोन मुली आणि म्हातारी आई गावाकडे त्याच्याच जिवावर होती.

मी त्याला माझ्या खोलीत बसवले आणि चहा मागवला. चौकशीत मी पहिला प्रश्न कधीच गुन्ह्याचा विचारत नाही. घरचे विचारतो, माणूस कुठे अडखळतो ते बघतो. हा घरच्या गोष्टी नीट सांगत होता. भावाकडे शुक्रवारी जेवायला जातो, हेही न विचारता सांगितले. गुरुवारचे विचारले तेव्हा मात्र मान खाली गेली.

“सायेब, मी चोर नाई,” एवढेच म्हणाला.

“मग काय आहेस ते सांग.”

चहाच्या कपाभोवती त्याची बोटे होती. लोखंड-पितळेत हात असलेल्या माणसाची बोटे काळपट असतात, याची टोके धुतल्यासारखी गोरी पडली होती. मी उठलो आणि बाईंच्या परवानगीने तो पिवळा वाडगा खिडकीपाशी नेला. मधल्या उंचवट्याच्या कडेला, जिथे बोट शिरत नाही तिथे, हिरवी बारीक रेघ राहिली होती. नाकाशी धरला तर आंबूस वास आला. नव्या नकलेत जुना कळक कुठून येणार?

परत येऊन विचारले, “चिंच कुठून आणलीस?”

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. “मुंतझा भागातल्या आपल्या इंडियन दुकानातून. चिंच अन् मीठ. सायेब, मोठेमोठे पाव्हणे येणार अन् भांडं कळकलेलं ठेवायचं? आमच्या घरात कळकलेल्या भांड्यात मांजराला दूध देत नाईत. बाई कोनाला हात लावू देत नाईत, म्हून त्या गेल्यावर घासलं. चांगलं दिसलं की बाई खूश होतील, असं वाटलं.”

मी हसलो. माणूस सुटला, वाडगा सापडला, नोकरीत असतो तर त्या दिवशी सगळ्या ठाण्याला भजी खिलवली असती. मी बाईंना बोलावून सांगितले की हाच आपला वाडगा. त्यांनी तो हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि विचारले, “इथे मेण होते. ते कुठे आहे?”

मी फिटरला विचारले. तो म्हणाला, “मेनबत्ती सांडली व्हती कुनाची तरी. गरम पान्यानं काढली.”

बाई खुर्चीत बसल्या. मग सांगू लागल्या. ती मेणाची पट्टी वाडग्याइतकीच जुनी होती. फ्रिजियाचे लोक कधीकधी भांड्याला मेण लावून त्यावर नाव कोरत. असे नाव टिकणे फार दुर्मीळ. बुधवारीच त्यांना मेणावर ओरखडे दिसले होते, आणि तिरप्या उजेडात फोटो घेऊन वाचायचे ठरवले होते. त्यासाठीच त्या आज लवकर आल्या होत्या.

मी हे मराठीत फिटरला सांगितले. तो हात जोडून उभा राहिला. “नाव व्हतं?” म्हणाला. “सायेब, माझा आजा जल्मभर भांड्यांवर नावं घालायचा. बाप गेला तवा आम्ही त्याच्या नावाचे तांबे वाटले. नावाच्या भांड्याला मी धक्का लावीन का? पन नाव खोदतात. मेनावर कोन घालतं?”

व्यवस्थापकांनी पोलिसांना बोलावले नाही. बाईंनीच तशी विनंती केली. फिटरला मात्र परत पाठवायचे ठरले. मी रदबदली केली, उपयोग झाला नाही.

नोकरीभर मला एकच धडा पक्का वाटत होता. खरे शोधून काढले की निदान कोणाचे तरी भले होते. त्या दिवशी मी खरे शोधले आणि एका निर्दोष माणसाला तुरुंगातून वाचवले, याचे समाधान आहे. पण तपास लागेपर्यंत बाईंना आशा होती की मेणासकट अस्सल वाडगा कुठेतरी शाबूत आहे. ती आशा मी घालवली. चोराने नेला असता तर ते मेण जपले असते, कारण चोराला मालाची किंमत ठाऊक असते. याने तर मायेने घासला. अशा माणसाला शिक्षा कसली द्यायची, हे कुठल्या कलमात मला सापडले नाही. मला दोघांसाठीही अजून वाईट वाटते.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. सामान दिल्यावर तो माझ्याजवळ आला.

“सायेब, बाईंना इचारून मला कळवाल का, नाव काय व्हतं? घरी गेल्यावर एका तांब्यावर घालीन. चांगलं खोल खोदून घालीन.”

मी सांगितले, “बाईंनी अजून वाचलंच नव्हतं. कोणीच वाचलं नव्हतं.”

त्याने मान हलवली, माझ्या पायाला हात लावला आणि आत गेला.