शेवटची स्पर्धा, रायपूर

पोरीच्या रोबोमागे मी रायपूरपर्यंत जाईन, असं कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण मृण्मयी यंदा दहावीला, आणि आमचा करार ठरलेला: या स्पर्धेत पहिल्या तिघांत आली तर पुढेही रोबो, नाही तर अकरावीपासून फक्त कोचिंग. अट माझीच. म्हटलं, निदान सोबत तरी जावं.

नागपूरहून सकाळची गाडी धरा, वाटेत डोंगरगडचा डोंगर दिसतो. रायपूर स्टेशनबाहेर ऑटोचं भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि चौबे कॉलनीपर्यंत दुप्पट मोजले. "भैया, रेट तो कल ही बढ़ा है," म्हणे!

मृण्मयी, तिची जोडीदार ऋचा आणि मी उतरलो माझ्या मोठ्या बहिणीकडे. ताई लग्नापासून इथलीच. जेवायला फरा केला होता, तांदळाच्या पिठाचे वाफवून फोडणी दिलेले मुटके. रायपूरला गेलात तर चुकवू नका.

सकाळी कोपऱ्यावर पोहे-जिलेबी खाऊन शहराबाहेरच्या कॉलेजात पोचलो. ताईही डबा घेऊन सोबत. काळ्या रेघेवरून रोबोने धावायचं, समोर काही आलं की थांबायचं, एवढा खेळ. मृण्मयीने बटण दाबलं. रोबो हललाच नाही! "चल ना रे बाबा," मी यंत्राला विनवून राहिलो. वेळ संपली, गुण शून्य.

ती रोबो टेबलावर घेऊन आली, मी मागे. समोरचं ओळखायला त्याला दोन गोल डोळे असतात. त्यांच्या जाळीत ओलं कुंकू आणि अक्षता! निघताना ताईने पोरींसोबत रोबोलाही ओवाळलं होतं, आणि कपाळ सापडलं नाही म्हणून टिळा डोळ्यांवरच. बिचाऱ्याला वाटलं, समोर भिंतच आहे.

तेवढ्यात ताई आली, मागोमाग ऋचा. "काहून थांबला गं तो? छाती धडधडून राहिली माझी."

मृण्मयीने पटकन रोबोवर रुमाल टाकला. "तार ढिली होती आत्या. माझ्याकडूनच राहिली."

ऋचा भडकली. "तपास म्हणून किती वेळा सांगितलं होतं तुला!" मृण्मयीने गुमान ऐकून घेतलं. घरी एक शब्द ऐकून घेत नाही ही पोट्टी!

रुमालाआडच तिने रोबोचे डोळे पुसून घेतले, आणि दुसऱ्या फेरीत तो शेवटपर्यंत धावला. एकूण नंबर चौथा. "चौथा काय कमी हाय का?" म्हणत ताईने सगळ्यांना पेढे वाटले.

परतीच्या गाडीत मृण्मयी म्हणाली, "बाबा, आत्याले कधी सांगू नका. किती मनापासून केलं तिनं." ताई ब्लॉग वाचत नाही, म्हणूनच इथे लिहितोय. रायपूरचं म्हणाल तर माझ्याजवळ एवढंच उरलं, आणि ते पुष्कळ आहे.

घरी आल्याआल्या तिने स्टूल ओढला, रोबोचं खोकं माळ्यावर टाकायला.

"राहू दे खाली," मी म्हटलं.

"पण बाबा, मी चौथी आली."

"माहीत आहे मले. टेबलावर ठेव."

ती खोकं घेऊन स्टुलावरच बसली आणि रडायला लागली. हरली तेव्हा रडली नव्हती.