तो खडक आणि शाळेतली एक खुर्ची

नवरा बोटीवर इंजिनिअर. तो वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर असतो, तेव्हा आमचं सिंगापुरातलं, सेंगकांगचं घर फ्रिजवरच्या यादीवर चालतं. यादी मी करते. शिकवण्या, दाताचा डॉक्टर, शाळेचे फॉर्म. तो सुट्टीवर आला की मुलीला ना यादी दिसते, ना मी.

या खेपेला तिचा इतिहासाचा प्रकल्प होता. सामुद्रधुनीच्या तोंडाशी दीपगृह असलेला एक खडक आहे. त्याच्या मालकीवरून दोन देशांत वाद झाला, तो पार आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. लायब्ररीतली पुस्तकं मी आणली. वसाहतकाळातल्या पत्रांच्या प्रती काढून, पारदर्शक पाकिटांत घालून एक ते नऊ आकडे लिहून चिकटवले. मग बाबा आला आणि म्हणाला, "त्या खडकाजवळून मी कितीदा गेलोय."

झालं. दोघं जमिनीवर बसले. मिठाची डबी दीपगृह झाली, माझा पोळपाट समुद्र. मी पोळ्या थांबवून पोळपाट परत मागितला, तर मुलगी इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, टू मिनिट्स लाह." मी उभीच. आतून जळत होते, हे आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी वन-नॉर्थला ऑफिसात जेवताना तिचा मेसेज आला. सादरीकरणाला एकाच पालकाला जागा आहे, तू येतेस की बाबा? मला वाटलं, विचारायची गरज का पडावी? मी लिहिलं, "माझा काही आग्रह नाही. बाबांना ने." पाठवलं आणि डबा धुवायला गेले. ती परत विचारेल असं धरून चालले होते.

संध्याकाळी ती आमच्यासमोर सराव करत होती. सहा नंबरचं पाकीट उचललं. सिंगापूरच्या वसाहती कचेरीने शेजारच्या राज्याला पत्र लिहून विचारलं होतं, या खडकाबद्दल तुमचं म्हणणं काय? काही महिन्यांनी तिथल्या हंगामी सचिवाचं छोटंसं उत्तर आलं की खडकाच्या मालकीवर आमचा दावा नाही.

"बिचाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशी ढीगभर फायली असतील," नवरा म्हणाला.

"असतील. पण बाबा, लिहून दिलं ना. कोर्टाने पुढे तेच पत्र धरलं, खडक सिंगापूरला दिला."

"मनातून हवा असेल तर?" मी विचारलं.

"मनातलं कोण वाचणार? विचारलं तेव्हा सांगायचं."

मी भांडी आवरायला घेतली. थोड्या वेळाने, सहज विचारल्यासारखं, "कोण येणार तो फॉर्म शाळेत दिलास का गं?"

"आजच. तूच तर लिहिलंस." तिने फोन वर करून दाखवला.

सादरीकरणाच्या दिवशी नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला. निघताना विचारलं, "अगं, यातलं कुठलं पाकीट आधी?"

"आकडे आहेत त्यावर," मी म्हणाले.

ते परत आले ते दोघांचे काहीतरी विनोद घेऊन, मला न कळणारे. त्याने व्हिडिओ दाखवला. अर्ध्या पडद्यावर त्याचा अंगठा. उरलेल्या अर्ध्यात तिचा हात आणि माझ्या अक्षरातला सहा.

"बाबाने छान काढलाय ना?"

"अंगठा सुरेख आलाय," मी म्हणाले.

नवरा हसला. ती हसली नाही. "आई, तुला यायचं होतं?"

"हो."

"मग म्हणायचं ना."

"पुढच्या वेळी म्हणेन."

तिने फ्रिजवरचं पेन काढून माझ्या हातात दिलं. "लिहून दे."

दाताच्या डॉक्टरखाली मी लिहिलं, 'पुढच्या कार्यक्रमाला मी येणार.' तिने सही मागितली. सही केल्यावर तारीखही घालायला लावली.