उतारावर चालणारे अण्णा

चढ आला की सायकलवरून उतरणारी माणसं कोल्हापुरात पैशाला पासरी. उतार आला की उतरणारे मात्र मी एकच पाहिले, आमचे अण्णा मगदूम वकील. काळा कोट, पँटच्या पायाला क्लिप आणि हँडलला अडकवलेली केसपेपरांची पिशवी. बाकीचं जग पॅडल सोडून वारं खात खाली जात असायचं आणि अण्णा सायकल हातात धरून, कडेकडेनं, पोरीची पाठवणी करायला निघाल्यासारखे सावकाश चालत असायचे. कोर्टातली मंडळी विचारायची, "काय अण्णा, ब्रेक गेला काय?" अण्णा न थांबता म्हणायचे, "ब्रेक हाय, विमा न्हाय."

लोक हसायचे. मला कारण ठाऊक होतं, म्हणून हसू यायचं नाही. नव्वदच्या दशकात मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले, तेव्हा अपघाताच्या भरपाईचे दावे म्हटलं की अण्णांचंच नाव निघायचं. पक्षकार दारात आला की नाव-गाव विचारायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "कशानं मारलं?" ट्रक, एसटी, मोटारसायकल असं काही उत्तर आलं की ते पेन उघडायचे. उत्तर सायकल असं आलं, की पेन मिटून आतल्या बाजूला हाक मारायचे, "चहा टाक गं." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या हाकेवरूनच काय ते ओळखायच्या आणि चहात साखर जरा जास्त घालायच्या.

यामागचा कायदा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला होता. रस्त्यावर बेफाम वाहन हाकलं तर जो फौजदारी गुन्हा होतो, तो सायकलवाल्यालाही लागतो. माणूस मेला तर त्याला कैदसुद्धा होते. पण विम्याची सक्ती फक्त इंजिनाच्या गाडीला, आणि अपघाताचं न्यायाधिकरणही तिच्याचपुरतं. सायकलवाल्याकडून भरपाई हवी तर साधा दिवाणी दावा लावायचा आणि त्याच्या घरात जे सापडेल त्यावर समाधान मानायचं. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर, "सायकलीला नंबर न्हाय, लायसन न्हाय, विमा न्हाय. हाडं तेवढी मोडत्यात."

शालनबाई कांबळे आल्या त्या दिवशीही असाच चहा टाकला गेला. त्या गडमुडशिंगीच्या. शिरोली एमआयडीसीतले दोन कामगार भोंग्याच्या आत पोचायला सायकलींची शर्यत लावून उतारावरून सुटले होते, आणि त्यातल्या एकानं रस्त्याच्या कडेनं चाललेल्या त्यांच्या नवऱ्याला उडवलं. नवरा जागीच गेला. मागं त्या आणि आठवीतली हुशार पोरगी. सोबत दीर आला होता. त्याची एम-एटी दुचाकी होती, विमा चालू होता, आणि धडक आपल्याच गाडीची असं लिहून द्यायला तो तयार होता. असं त्या काळी सर्रास चालायचं. सायकलीच्या जागी कागदावर मोटारसायकल उभी करायची, की विम्याचे पैसे सुटायचे. पंचनामा अजून ओलाच होता. अण्णांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

अण्णा नाही म्हणाले. "तुजा दीर कोर्टात उभा राहून सांगणार, भावाला मी मारलं म्हणून. पोरगी ते ऐकणार. हे मी करायचा न्हाय," असं ते शालनबाईंना म्हणाले. अण्णांनी दिवाणी दावा फुकट लढवला, जिंकलासुद्धा, पण त्या कामगाराच्या घरात जप्त करायला ती वाकडी झालेली सायकल तेवढी होती. वर्षाच्या आत पोरीची शाळा सुटली आणि ती शिरोलीच्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला लागली. मला अण्णांचा संताप आला होता. यांचं तत्त्व, आणि शिक्षा त्या पोरीला, असं मी काकूंजवळ बोलूनही दाखवलं. काकू म्हणाल्या, "त्यास्नी झोप लागंना झालीया. तू आनखी बोलू नकोस." अण्णा उतारावर चालायला लागले ते तेव्हापासून.

मग दहाएक वर्षांनी, एका सकाळी काकू जैन बस्तीतून, म्हणजे देवळातून, दर्शन घेऊन परतत होत्या. कॉलेजला उशीर झालेला एक पोरगा उतारावरून भन्नाट सायकल हाणत आला. त्याच्या धडकेनं काकू पडल्या आणि दगडावर डोकं आपटलं.

त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. दवाखान्याचं बिल वाढत चाललं तसा अण्णांचा पुतण्या स्वतःच्या मोटारसायकलचे कागद घेऊन आला. मी तिथंच बाकावर होते. पुतण्या कळवळून बोलत होता, त्याच्या मनात खोट नव्हती. अण्णांनी ते कागद हातात घेतले आणि बराच वेळ परत दिले नाहीत. खरं सांगते, ते सही करतील असंच मला वाटलं, आणि करावी असंही वाटलं. मग त्यांनी कागदांची घडी घातली, पुतण्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "शालनला न्हाय म्हटलंय मी. आता सोताला व्हय कसं म्हणू?"

काकू गेल्या. अण्णांनी शेताचा एक तुकडा विकून दवाखाना भागवला. म्हातारा खुळा झाला म्हणून पुतण्या चिडून सगळीकडे सांगत सुटला, आणि ती गोष्ट फिरत फिरत गडमुडशिंगीपर्यंत गेली.

काकूंचं दिवसकार्य झाल्यावर एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले होते, मी ओळखलंच नाही. अण्णांनी ओळखलं. ते उठून उभे राहिले. शालनबाईच आधी बोलल्या. "वकील, त्या वक्ताला माझ्यासाठनं गाडी दाखवली असतीसा, तर माजी पोरगी शिकली असती. त्ये मी इसरले न्हाय. पर आता सोतासाठनं दाखवली असतीसा, तर ह्या दारात मी पाय ठेवला नसता."

अण्णांनी हात जोडले. मग त्यांनी विचारलं, "पोरगी काय करती?"

"फौंड्रीतच हाय की," शालनबाई म्हणाल्या.

काकूंना शेवटचं उचललं तेव्हा अण्णांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते भिंतीला धरून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. शालनबाई उंबऱ्याच्या आत आल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिल्या. उगी राहा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.