गूळ घातलेला चुना

सत्तरच्या दशकात कुरुंद्याजवळ एका जमीनदारांकडे मी दिवाणजी होतो. वय तिशीचे, अधिकार थोडा आणि त्याची ऐट फार.

मालकांचे नवे व्याही प्रथमच मुक्कामाला यायचे होते. घराला चुना देऊन झाला, तेव्हा तबेलाही आतून पांढरा करावा असे मी ठरवले. तबेला सागाच्या फळ्यांचा, वर्षानुवर्षांच्या धुराने काळवंडलेला. आत एकच घोडी उरली होती. तिला सांभाळणाऱ्या वृद्ध मोतद्दारांना सगळे चाचा म्हणत.

चुना फळीवर धरेना. घराच्या भिंतींसाठी आम्ही चुन्यात गूळ आणि मीठ कालवत असू. त्याने तो घट्ट बसतो. इथेही तसेच करा, असे मी सांगितले.

"फळीला जवसाचं तेल आन् गेरू, दिवाणजी," चाचा म्हणाले. "आमी जलमभर त्येच लावलं."

"गेरू पाहून पाहुण्यांना वाटेल, घोडी मारुतीच्या देवळात बांधलीय."

"हसा तुमी. पन मानसं भिंती चाटत न्हाईत. हिला काय सांगू, गूळ हाय, तोंड लावू नको म्हनून?"

"वाळला की काही होत नाही. लावा."

त्यांनी लावला. दुसऱ्याच दिवशी पाहुणे यायचे, म्हणून चुना ओला असतानाच घोडी आत बांधण्यास मीच सांगितले.

सकाळी पाहिले, तर तिच्या तोंडाच्या उंचीवर फळ्या लाकडापर्यंत स्वच्छ झाल्या होत्या. ओठ सुजलेले, जीभ सोलवटलेली, तोंडातून फेस. ती पाण्याला तोंड लावी आणि दचकून मागे घेई. वसमतच्या जनावरांच्या दवाखान्यात मी माणूस धाडला; डॉक्टर औंढ्याकडे फिरतीवर गेलेले. घोड्याला उलटी होत नाही, हे मला त्या दिवशी कळले. पोटात गेलेले बाहेर काढण्याचा काही उपायच नव्हता. चाचा तिचे डोके मांडीवर घेऊन थेंब थेंब जवसाचे तेल पाजत राहिले. मी उरलेल्या फळ्या खुरप्याने खरवडत होतो. दुसरे काय करावे, ते सुचत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ती उठेना. पाहुणे गेल्यावर मालक तबेल्यात आले.

"हे कोणी केलं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले. क्षणभरच.

"चुना म्या लावला, मालक."

ते खोटे बोलले नाहीत. त्या खऱ्या वाक्याच्या आड मी उभा राहिलो. मालकांनी त्यांना त्याच दिवशी निघायला सांगितले.

"घोडी उठंस्तोर ऱ्हाऊ द्या. मंग जातो."

"आत्ता."

गूळ घालायला मी सांगितले, एवढेच म्हणायचे होते. जीभ माझी शाबूत होती.

चाचांनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली. "डाव्या अंगानं पाजा. घाई करू नका," म्हणाले आणि गेले.

मी तिच्याजवळ बसलो. वाटी तोंडाशी नेली की ती दात घट्ट मिटून घेई. मी हाका मारल्या, गोंजारले, चाचांसारखी जीभ टाळ्याला लावून चकचक केली. तेल माझ्या कोपरावरून ओघळत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. माझ्या हातून एक थेंबही तिने घेतला नाही.