औषध लावायचं कोणी

रविवार, मृगाचा पहिला आठवडा. गाव दर्यापूरच्या पुढे, अकोल्याहून एसटीनं जेमतेम दोन तास.

हजर: सासूबाई, धाकटी जाऊ, दीर (सकाळी साडेनऊपर्यंत), रोजानं येणारी एक बाई आणि तिचं आठ महिन्यांचं लेकरू, मी. गैरहजर: माझे यजमान, ऑफिसचं काम.

आणायच्या वस्तू: रबरी हातमोजे चार जोड, साबण, जुनी ताडपत्री. आणल्या.

कामं: सोयाबीनच्या चार पोत्यांना औषध लावणं, तुरीच्या दोन चुंगड्यांना, म्हणजे लहान पोत्यांना, औषध लावणं, दारावरचा कागद बदलणं.

दरवर्षी पेरणीआधीच्या रविवारी मी अकोल्याहून गावी येते. मी शाळेत कारकून आहे, याद्या करणं अंगात मुरलं आहे, आणि घरात दुसऱ्या कुणाला त्याचा उत्साह नाही. घरचं बियाणं जमिनीत सडू नये, किडीनं खाऊ नये म्हणून पेरायच्या आधी त्याला औषध चोळतात. पिकावरच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. ताडपत्रीवर बियाणं पसरायचं, वरून भुकटी टाकायची, पाण्याचा हबका मारायचा आणि दोन्ही हातांनी खालीवर करायचं. मग सावलीत वाळवायचं. हे काम बायकांचं. पुरुष तोवर ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, नट, वंगण यांत गुंतलेले असतात.

हे काम कोणी करायचं याचा नियम मी केला होता. सात-आठ वर्षांपूर्वी औषधाच्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचली आणि घाबरले. तोवर बायका लेकराला पाजता पाजता मध्येच उठून बियाणं चोळत. मी कागदावर ठळक लिहून कोठीच्या दारावर चिकटवलं: ‘अंगावर लेकरू असलेल्या आणि दिवस गेलेल्या बाईनं औषधाला हात लावू नये.’ गावातल्या दोन-तीन घरांनी तो नियम उचलला. मला बरं वाटलं होतं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला होता.

धाकटी जाऊ त्याच सुमारास लग्न होऊन आली.

एप्रिलमध्ये तिला घेऊन मी अमरावतीला गेले. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. उपचार एकदा करून झाले होते, उपयोग झाला नव्हता. या डॉक्टर नव्या. दोघांचे जुने रिपोर्ट त्यांनी सावकाश पाहिले. दिराचे ठीक होते. जावेची पाळी वेळेवर येत नव्हती आणि वयाच्या मानानं स्त्रीबीजांचा साठा कमी होता. मग डॉक्टरांनी औषधं लिहायच्या आधी घरातलं सगळं विचारलं. चहा कशातून पिता, लोणचं कशात ठेवता, पावडर कुठली, अत्तर लावता का, शेतात काय करता.

“फवारणी नाही करत मी,” जाऊ म्हणाली. “फक्त बियाण्याले औषध लावतो.”

“किती वर्षं?”

“सहा.”

“घरात अजून कोण लावतं?”

“मीच. बाकीच्यायले लेकरं आहे ना.”

तिनं हे भाजीत मीठ किती टाकलं ते सांगावं तसं सांगितलं. मी शेजारी बसून सगळं लिहून घेत होते. ‘सहा’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न लिहायचा राहून गेला.

डॉक्टरांनी समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. शरीरातली कामं संप्रेरकांच्या निरोपावर चालतात. पाळी कधी यायची, बीज कधी पिकायचं, हे त्यांचंच काम. काही रसायनं शरीरात जाऊन त्यांची नक्कल करतात, काही त्यांची वाट अडवतात. काही कीटकनाशकांत असतात, काही प्लॅस्टिकमध्ये, काही वासाच्या वस्तूंत. बाईच्या मूल होण्यावर त्यांचा परिणाम होत असावा, असं संशोधकांना दिसत आहे. किती आणि कसा, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही.

“म्हणजे यामुळेच झालं का?” मी विचारलं.

“एका बाईकडे बोट दाखवून ‘यामुळेच’ असं मी सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “दुसरी कारणंही असतात. पण टाळता येतं ते टाळा. तीन महिन्यांनी पुन्हा उपचार सुरू करू. तोवर हिचे हात या औषधांपासून लांब ठेवा. साठा कमी आहे, फार वेळ घालवायचा नाही.”

परतीच्या बसमध्ये जाऊ खिडकीला डोकं टेकून झोपली. मी यादी करत बसले. गरम डाळ ओतायचे प्लॅस्टिकचे डबे: काढायचे. शेतावर चहा पातळ पिशवीतून जातो: किटली घ्यायची. मिठाचा डबा मुळात कशाचा होता ते सासूबाईंना विचारायचं. विचारलं. तो फवारणीच्या औषधाचाच होता, तीनदा राखेनं घासलेला. सासूबाई त्या डब्यावर खूश होत्या, कारण झाकण घट्ट बसायचं. मी तो फेकला तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी फोनवर बोलल्या नाहीत.

स्वयंपाकघर मी एका दिवसात बदलून टाकलं. स्टील, काच, चिनी मातीची बरणी. डबे बदलणं सोपं होतं. माझी जुनी वही उघडायला मला पुढे तीन आठवडे लागले. सहा पेरण्या, सहा पानं, ‘औषध’ या शब्दापुढे सहा वेळा तिचं नाव. अक्षर माझंच. रोजाच्या बायकांच्या अंगावर लेकरं, सासूबाईंचे गुडघे, माझ्या हातात वही; उरायची ती. एका वर्षी तर मी नावाखाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘हिला मोकळीक आहे.’

तर आजचा रविवार. सकाळी सासूबाईंनी स्वतःच ताडपत्रीवर बैठक मारली आणि हातमोजे मागितले.

“तुमचे गुडघे?” मी म्हणाले.

“गुडघ्यानं थोडीच लावाचं आहे औषध? आण इकडे. मायं काय होते आता या वयात, अन् तुयंही काय होते?”

माझी पाळी गेल्याला वर्ष झालं. त्यांचं बरोबर होतं. आम्ही दोघी बसलो. हातमोजे त्यांना मोठे झाले, बोटांची टोकं लोंबत होती. रोजाची बाई लेकराला मांडीवर घेऊन ओसरीत सुपानं तीळ पाखडत होती. ती हसून म्हणाली, “मावशी, म्हशीचं दूध काढून राहिल्या का?”

“तू हस,” सासूबाई म्हणाल्या. “तुयं बरं आहे, दरसाली तुले सूट.”

बोलून गेल्यावर सासूबाईंना कळलं, सूट कुणाला कधीच मिळाली नव्हती ते. त्यांनी मान खाली घालून बियाणं जोरात चोळायला घेतलं.

जाऊ चहा घेऊन आली होती. ती माझ्याजवळ उकिडवी बसली, ताडपत्रीच्या जरा बाहेर, मी आखून दिलं होतं तेवढ्या अंतरावर.

“ताई, तुमची वही पाह्यली मी,” ती हळूच म्हणाली. “उन्हाळ्यात तुमी इथंच ठेवून गेल्या होत्या. सहा वेळा आहे ना मायं नाव?”

“हो.”

“म्या बी मोजलं.”

मी म्हणाले, “माझं चुकलं.”

“तुमी चांगल्यासाठीच केलं. लेकुरवाळीले वाचवलं,” ती म्हणाली. “पण ताई, जिले लेकरू पाह्यजे आहे, तिले काहून नाही वाचवलं? तिच्यासाठी कागद नव्हता का?”

ती रागानं बोलली नाही. चहा निवतोय म्हणाली आणि उठून गेली.

दुपारी दोनपर्यंत सोयाबीन झालं. चार पोती. माझी कंबर धरली, सासूबाई भिंतीला टेकून बसल्या जागी झोपल्या. मी कोठीच्या दारावरचा कागद खरवडून काढला आणि नवा लिहायला बसले. ‘ज्यांना मूल हवं आहे त्यांनी’ असं लिहिलं आणि खोडलं. तो कागद गावभर वाचला जातो. लोकांना त्यात एकच बाई दिसली असती. जावेनं आतून डोकावून पाहिलं.

“समद्याच बायायच्या नावानं लिवा,” ती म्हणाली.

मग लिहिलं: ‘औषधाला कोणत्याही बाईनं हात लावू नये. हे काम घरातल्या पुरुषांनी हातमोजे घालून करावं.’ आणि यादीत तुरीच्या दोन चुंगड्यांपुढे दिराचं नाव घातलं.

दीर चार वाजता आले, हाताला काळं वंगण. त्यांनी दारावरचा कागद पूर्ण वाचला.

“वहिनी, आता हेही आमीच कराचं का?”

“हो. आजच.”

“यंत्राचा एक दात्या वाकला आहे, दर्यापूरले जा लागते. येऊन करतो.”

“किती वाजता?”

“तुमी वहीत लिवलं म्हंजे झालंच समजा,” ते हसत म्हणाले आणि गाडीला किक मारली.

सासूबाई जाग्या झाल्या होत्या. “यानं आजवर पाण्याचा गिलास तरी उचलून ठेवला का?” त्या म्हणाल्या. “उद्या मीच करतो.” पण त्यांना उठताना दोन्ही हात भिंतीला लावावे लागले, ते मी पाहिलं आणि जावेनंही.

मंगळवारी पेरणी आहे. जाऊ घरात राहिलेलं काम तसंच पडू देत नाही. चार वेळा सांगायचं आणि पाचव्या वेळी स्वतः करून टाकायचं, ही तिची रीत. तीन महिन्यांतला अजून एक महिना बाकी आहे.

निघताना मी तिला म्हणाले, “तुरीला हात लावायचा नाही. नाही पेरली गेली तर नाही पेरली गेली.”

“असं कसं ताई?” ती म्हणाली. “तूर नाही पेराची?”

हातमोज्यांचा एक कोरा जोड मी चुंगड्यांवर ठेवला, पुरुषाच्या मापाचा. साडेपाचची बस सहाला आली. बसमध्ये यादी काढून खुणा केल्या. सोयाबीन, झालं. ताडपत्री धुणं, झालं. दारावरचा कागद, झालं. अकोला येईपर्यंत दिराला तीनदा फोन केला, उचलला नाही.

तुरीच्या दोन चुंगड्या: नाव लिहिलेलं आहे. खूण करायची बाकी.