काकांचे थरथरणारे कण

माझ्या चुलत सासऱ्यांइतका गोंधळलेला, आणि त्या गोंधळात इतका रमलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून काका निवृत्त झाले आणि वर्तकनगरच्या घरी बसल्याबसल्या शेजारच्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक चाळू लागले. स्थायूचे कण जागच्या जागी थरथरतात, द्रवाचे एकमेकांवरून घसरतात आणि वायूचे वाट्टेल तिकडे पळतात, एवढ्यानेच त्यांची झोप उडाली. मी कल्याणला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे कणांच्या वागणुकीला जबाबदार मीच.

"जावईबापू, म्हणजे ही खुर्ची थरथरतेय?"

"खुर्ची नाही हो काका, तिचे कण."

"मग कण सोडून खुर्चीत दुसरं आहे काय?"

खरंच, काय आहे? नंतर बरेच दिवस काका खुर्चीत अर्धवट टेकून बसायचे, न जाणो, कणांचा विचार बदलला तर! एकदा काठोकाठ भरलेल्या पेल्यात ते साखर टाकत सुटले. पाणी सांडेना. कणांच्या मधे जागा असते, असं मी सांगताच त्यांनी टेबलावर तळहात दाबून धरला. "इथेही जागा आहे ना? मग हात आरपार का जात नाही?" यावर काकी आतून म्हणाल्या, "अहो, हात राहू द्या, पाहुण्यांच्या चहाची साखर गेली. खाली जाऊन घेऊन या." काका विचार करत गेले आणि मीठ घेऊन आले. काकी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

गेल्या थंडीत काकी अचानक गेल्या. काकांचे प्रश्नही थांबले. मी मुद्दाम बर्फाचा, वाफेचा विषय काढायचो, ते नुसते "हो का" म्हणायचे. मग मे महिन्यात एका दुपारी त्यांनी फोन करून बोलावून घेतलं. काकींचं साड्यांचं कपाट उघडं होतं.

"हिने ठेवलेल्या डांबरगोळ्या गायब आहेत. कपाट मी आज पहिल्यांदा उघडलं. घरात कोणी आलं नाही."

घड्यांच्या मधे साबुदाण्याएवढे दोन-तीन दाणे उरले होते.

"काका, त्यांचा हळूहळू वायू होतो."

"आधी वितळून?"

"नाही, न वितळताच."

"मग गेल्या कुठे?"

"गेल्या असं नाही. असतील इथेच. कपाटात, खोलीत, हवेत."

काकांनी छताकडे पाहिलं. आता मोठा प्रश्न येणार, म्हणून मी सावरून बसलो. पण ते उठले, पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. आम्ही दोघे घामाने निथळत होतो.

मी निघालो तेव्हा ते हळूच म्हणाले, "दार फार उघडू नका हं."

मी अंग चोरून बाहेर पडलो.